कोल्हारच्या धर्मशाळेत दिलेला शब्द

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्याजणी माझ्याभोवती जमल्या. आमच्या चिपळूणहून नगर जिल्ह्यात सहसा कुणी जात नाही, आणि यंदाच्या बाहत्तरच्या दुष्काळात तर नाहीच. मी त्यांना नगरच्या किल्ल्याचा खंदक सांगितला, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या सांगितल्या, आमच्या वन्संनी कंडक्टरला कसं झापलं ते सांगितलं. सगळ्या पोट धरून हसल्या. मग भूगोलाच्या बाईंनी विचारलं, "आणि खर्ड्याचा किल्ला? त्यासाठी तर गेला होतात ना?"

"राहिला. एस.टी. मिळाली नाही," मी म्हटलं.

हे खोटं होतं. एस.टी. होती. त्या सहा दिवसांच्या प्रवासापायी मी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हे, तिसरं. म्हणून जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहून काढते आहे.

नगर

जायचं कारण दोघींचं वेगळं होतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पन्नाशीच्या, दहा वर्षांपूर्वी वैधव्य आलेलं. त्यांच्या सासरची कुलदेवी कोल्हारची भगवती. यजमान असताना जाणं झालं नाही, ते आता करायचं होतं. मी इतिहास शिकवते. खर्ड्याची लढाई पंधरा वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवली, पण ते मैदान डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. दोघींचं जमलं आणि आम्ही निघालो.

घोडनदी ओलांडली तेव्हा वन्सं खिडकीशी होत्या. कार्तिकात जिथे ज्वारी गुडघ्याला लागायची, तिथे नुसती ढेकळं. रस्त्याच्या कडेने मैल मैल बायका खडी फोडत बसलेल्या, बोटांना चिंध्या बांधून. धूळ इतकी की लुगड्यांचे रंग ओळखू येत नव्हते. गाडी जवळून गेली की त्या हात थांबवून वर बघायच्या. आमच्याकडे पाऊस कमी झाला म्हणजे विहिरीचं पाणी दोन पायऱ्या खाली जातं. एवढाच दुष्काळ आम्हांला ठाऊक.

"आपण देवाला चाललोय का हे बघायला?" वन्सं म्हणाल्या.

नगरात माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो. दिवाणजींनी वहीत नावं लिहून घेतली, एक खोली दिली आणि बजावलं, "पाणी माणशी एक बादली. आंघोळ, धुणं, सगळं त्यातच." परसात पाण्याचा पऱ्ह्या वाहतो अशा घरातून मी आलेली. पहिल्याच सकाळी अर्धी बादली नुसती डोक्यावर ओतून मोकळी झाले आणि मग दिवसभर वन्संच्या बादलीतलं मागून घेत राहिले.

किल्ला लष्कराच्या ताब्यात. बाहेरून खंदक आणि ती गोल बुरुजांची रांग पाहून परतलो. मी वन्संना चांदबिबीची हकिगत सांगत होते, त्यांचं लक्ष पायांतल्या काट्याकडे होतं.

कोल्हार

कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेच्या काठचं गाव. एरवी नदी भरून असते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा वाळूच्या मधोमध पाण्याची एक बारीक धार होती, आणि काठाशी लोकांनी पाण्यासाठी वाळूत झिरे खणलेले. तरी नगरच्या मानाने इथे हिरवं दिसत होतं. उसाचे तुकडे होते, पेरूची झाडं होती. देवीचं दर्शन शांतपणे झालं. वन्सं गाभाऱ्यात बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. आता खुशाल तुझा किल्ला बघ."

नदीकाठच्या धर्मशाळेत मुक्काम केला. दगडी ओवऱ्या, प्रत्येक ओवरीत एक चूल, मधे अंगण आणि त्यात रांजण. देवाला आलेले आत उतरत, बाजाराला आलेले व्यापारी बाहेरच्या पडवीत. आमच्या शेजारच्या ओवरीत एक एकटी मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची, सावळी, केस चापून बांधलेले. आणि तिच्या ओवरीसमोरच्या पडवीत एक म्हातारी बांगडीवाली. सगळे तिला हलीमाचाची म्हणत. नगरजवळच्या भिंगारची. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावचे बाजार करायची आणि कोल्हारला आली की इथेच पथारी टाकायची.

चूल पेटवता पेटवता ओळख झाली. माझी चूल पेटेना. आमच्याकडे चुलीत नारळाची सोडणं, झावळ्या घालतात, इथे तुरीच्या काटक्या, तुराट्या. त्या मी हिरव्याच आणल्या होत्या. धुराने डोळे भरले तेव्हा ती मुलगी हसत आली. "बाई, सरा. मी पेटवते." तिने फुंकणी न घेताच दोन फुंकरांत जाळ केला. नाव विमल. गाव खर्डा.

"खर्डा!" मी ओरडलेच. "अगं, आम्ही तिथेच जाणार आहोत. किल्ला बघायला."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन येऊन गेलं. "किल्ला काय, नुसता दगूड," ती म्हणाली आणि विषय बदलला.

त्या संध्याकाळी तिने हुलग्याच्या पिठाची शेंगोळी केली. पीठ मळून हातावर बोटाएवढ्या वळकट्या वळायच्या आणि लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. मी चव घेतली आणि म्हटलं, "हे तर आमचं कुळीथ!" कुळथाचं पिठलं आम्ही आठवड्यातून तीनदा करतो, पण त्याचं असं काही होतं हे चिपळुणात कुणाला माहीत नाही. हलीमाचाचीने तिच्या बाजरीच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी पुढे केली. "घ्या बाई, देवाच्या दारात बसलोय."

"माझा उपास आहे," मी म्हटलं. हातात शेंगोळ्यांची वाटी होती. हलीमाचाचीने वाटीकडे पाहिलं आणि भाकरी फडक्यात गुंडाळली. वन्सं, ज्या चतुर्थीला पाणीदेखील मोजून पितात, त्यांनी हात पुढे केला. "चटणी द्या मला. तिला तिखट सोसत नाही." हे माझं पहिलं खोटं, आणि ते वन्संनी झाकलं.

सकाळी विमलबरोबर मी झिऱ्यावर गेले. वाटीने एकेक वाटी पाणी उपसून हंडा भरायचा. हंडा भरायला पाऊण तास लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस बोलतोच. मी शिक्षिका आहे हे ऐकल्यावर ती खुलली. ती मॅट्रिक झालेली, तीही पहिल्या फटक्यात. नगरच्या एका इस्पितळात नर्सिंगचं शिक्षण देतात, तिथे तिने अर्ज केला होता. सोमवारी मुलाखत. पोलक्यातून घडी केलेलं पत्र काढून तिने मला दाखवलं. घामाने कडा मऊ झाल्या होत्या.

"घरच्यांना ठाऊक आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग हळूहळू सगळं सांगितलं. साटंलोटं ठरलेलं. भावाला, भाऊसाहेबाला, त्या घरची मुलगी केली, आणि विमल त्या घरच्या मुलाला द्यायची. भावाचं लग्न वैशाखात झालं. विमलचं, तुळशीचं लग्न झालं की लगेच. तोवर वहिनीला माहेरीच ठेवलेलं. इकडची पोरगी आली की तिकडची नांदायला यायची.

"मानूस वाईट न्हाई बाई. पर मला शिकायचंय. दादा म्हनला, शिकून काय मुडदे उचलनार का?" ती वाळूत बोट ओढत म्हणाली. "मी न सांगता निघाले. नगरात आधी हुडकतील म्हनून हितं आले. सोमवारी पहाटंच्या गाडीनं जानार. हलीमाचाचीला ठाऊक हाय, अन् आता तुमाला. बाई, कुनाला सांगू नका. शब्द द्या."

मी तिचा ओला हात हातात घेतला. "दिला शब्द," म्हटलं. आणि मला भरून आलं. एका मुलीने आपलं आयुष्य माझ्यापाशी उघडं केलं, याचा मला अभिमान वाटला. आता विचार करते, तेव्हा वाटतं की तो अभिमानच पुढे आडवा आला.

त्याच सकाळी हलीमाचाची नवा माल आणायला भिंगारला गेली. उद्या परत येते म्हणाली. आम्हीही दुपारच्या गाडीने नगरला निघालो. रविवार आराम, सोमवारी जामखेडमार्गे खर्डा, असा माझा बेत होता.

पुन्हा नगर

शनिवारची दिवेलागण. धर्मशाळेच्या ओसरीवर मी पाय पसरून बसले होते. वन्सं आत माळ ओढत होत्या. दिवाणजींच्या मेजाशी एक तरुण उभा होता. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, टोपी. बोलणं हळू, अदबीचं.

"दादा, एक पोरगी उतरली हुती का हितं? सावळी हाय, उंच. विमल नाव. खर्ड्याची."

"अशी वही दाखवता येत नाही," दिवाणजी म्हणाले. "पोलिसांत जा."

"पोलिसात कसं जाऊ? घरची गोष्ट हाय." त्याने टोपी काढली आणि कपाळ पुसलं. "आईनं अंथरूण धरलंय, दादा. दोन दिस झालं, घोटभर पानी न्हाई. नुसतं विमल विमल करती. एकदा तोंड बघू दे म्हनती."

दिवाणजींनी वही मिटली. तो वळला. ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात पोहोचला. दोन पावलांत फाटकाबाहेर गेला असता. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"अहो," मी हाक मारली. "तुम्ही भाऊसाहेब का?"

तो थबकला. मी उठून उभी राहिले होते, तेवढ्यात मागून वन्संचा आवाज आला. "सुधा, आत ये." मी आत गेले. वन्सं दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू त्या पोरीला शब्द दिलायस."

"आई मरायला टेकलीय तिची, वन्सं."

"तो म्हणतोय."

"बघा ना त्याच्याकडे. खोटं बोलणारा माणूस असा दिसतो का?"

खरं सांगायचं तर मला माझी आई आठवली. ती गेली तेव्हा तार एक दिवस उशिरा आली आणि मी पोहोचले ती थेट राखेजवळ. हे खरं आहे. पण हेच सगळं कारण होतं असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. आत कुठेतरी मला वाटत होतं की मुलींनी असं न सांगता निघू नये. मला वाटत होतं की मी मधे पडले तर भाऊ-बहिणीचं जुळेल आणि दोघं मला दुवा देतील. आणि जे दिवाणजींना ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, याची एक गोडी जिभेवर होती.

मी बाहेर आले आणि सांगितलं. कोल्हार, नदीकाठची धर्मशाळा, अंगणाच्या डाव्या हाताची ओवरी. वर म्हटलं, "तिला रागावू नका हं. गोड मुलगी आहे."

त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "लई उपकार झाले, बाई."

वन्सं त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुन्हा कोल्हार

रविवारी सकाळी वन्संनी पिशवी भरली आणि माझ्यासमोर ठेवली. "कोल्हारला जायचं. त्या पोरीला बघून यायचं."

"ती गेली असेल आईकडे."

"गेली असेल तर बरंच. बघून येऊ."

दुपारी पोहोचलो. विमलची ओवरी उघडी होती. चुलीवर तवा तसाच, त्यावर करपलेली भाकरी. परातीतलं पीठ अर्धं अंगणात सांडलेलं आणि त्यावर पावलं उमटलेली. पडवीत हलीमाचाची गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. नवी पेटी शेजारी न उघडलेली.

आम्हांला पाहिल्यावर तिने मान वर केली. "नेली बाई पोरीला."

चाची सकाळच्या गाडीने परत आली, तेव्हा अंगणात गर्दी होती. भाऊसाहेबाने विमलला दंडाला धरून ओढत आणलं होतं. "हळद लागायची हाय हिला, अन् ही हितं चूल मांडून बसली," असं तो लोकांना सांगत होता. कुणीतरी विचारलं, अरे, घरी कोण आजारी आहे का? तो म्हणाला, "कोन आजारी? आई रोज खडी फोडायला जाती. हिच्या पायी तिचा रोज बुडला."

मी ओवरीच्या पायरीवर बसले.

"पोरीनं मला पाहिलं," हलीमाचाची म्हणाली. "गाडीतून उतरून मी दारात आले, अन् ती वरडली. 'चाची, तूच सांगितलंस! काल त्याच्यासाठीच नगरला गेल्ती तू!' या अल्ला. मी माल आनाया गेल्ते. समद्या लोकांपुढं थुकली ती माझ्या दिशेनं. तिचं तरी काय चुकलं? मी कालच गेले अन् तो आज आला."

मग तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, राग नका मानू, इचारते. माझ्याबिगर तुमालाच ठाऊक हुतं. तुमाला तो भेटला हुता का?"

"आम्हांला?" मी म्हटलं. "छे. आम्हांला कोण भेटणार? आम्ही तर धर्मशाळेबाहेर पडलोच नाही."

शब्द इतक्या सहज आले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. वर्गात मुलींचं खोटं पकडणारी मी, माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

हलीमाचाचीने लगेच हात जोडले. "माफ करा. तुमी शिकलेल्या, तुमी कशाला सांगाल? माझ्याच तोंडून कुठं निसटलं असंल. आठवत बसलेय सकाळपासनं, भिंगारात कुनापाशी बोलले का काय."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खाली बसल्या, सांडलेलं पीठ हातांनी गोळा केलं, पाटीत भरलं आणि दारातल्या गाईपुढे ठेवलं. मग रांजणातलं तांब्याभर पाणी घेऊन हलीमाचाचीला दिलं.

परतीच्या गाडीत जागा दोघींना शेजारी मिळाली. नगर दिसू लागल्यावर वन्सं म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याची बहीण आहे म्हणून तिथे गप्प बसले. उद्या बसणार नाही. त्या म्हातारीला मी सांगेन, नाहीतर तू सांग."

सोमवार

जामखेडची गाडी साडेआठला होती. आम्ही स्टँडवर गेलो नाही, इस्पितळाकडे चालत निघालो. माझ्या मनात असं होतं की मेट्रनला भेटावं, विमलची अडचण सांगावी, पुढच्या वेळी तरी तिला बोलवा म्हणावं. मी दोन-तीन वाक्यं जुळवूनही ठेवली होती. त्यांतल्या एकाही वाक्यात मी नव्हते.

पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. फाटकाच्या आत निंबाखाली बाकं होती. दहा-बारा मुली हातात कागद धरून बसलेल्या. त्यांतली एक उठून धावतच माझ्याकडे आली.

"बाई! तुमी आलात!"

विमल. परवाचीच साडी, खांद्यापाशी फाटलेली, तिथे पीन लावलेली. उजव्या दंडावर चार बोटांचे निळे वळ. तिने वाकून नमस्कार केला आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. "मला वाटलंच हुतं, बाई चौकशीला येतील. मुलाखत झाली. घेतलं मला!"

भाऊ तिला घेऊन काल नगरच्या स्टँडवर उतरला होता. जामखेडच्या गाडीला वेळ होता. तिने बायकांच्या मोरीला जायचं निमित्त केलं, मागच्या भिंतीच्या खिंडारातून बाहेर पडली आणि विचारत विचारत इथे आली. पहारेकऱ्याने मेट्रनला बोलावलं. मेट्रनने तिला मुलींच्या खोलीत झोपायला जागा दिली. सकाळी भाऊसाहेब आला होता. मेट्रनने त्याला समोर बसवून विमलला विचारलं, काय करायचंय तुला? ती म्हणाली, शिकायचंय.

"दादा रडला वो," विमल म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "म्हनला, आता तुझ्या वैनीला ते कवाच धाडनार न्हाईत. मी काय करू बाई? मला त्याचं वाईट वाटतंय. पर परत न्हाई जायची." तिने डोळे पुसले आणि एकदम तिचा चेहरा कडक झाला. "अन् ती हलीमा. मी तिला चाची म्हनत हुते. तिच्या ताटात जेवले. तिनं घात केला माझा. तुमच्यासारखी मान्सं हायेत म्हनून बरं, न्हाईतर कुनावर इस्वास ठेवायचा?"

वन्संनी घसा साफ केला. माझा हात अजून विमलच्या हातात होता.

"विमल, हलीमाचाचीने नाही सांगितलं," मी म्हटलं. "मी सांगितलं."

तिला कळलं नाही. ती हसऱ्या तोंडाने तशीच बघत राहिली.

"शनिवारी तुझा भाऊ आमच्या धर्मशाळेत आला होता. तुझी आई आजारी आहे म्हणाला. मला खरं वाटलं. मी ओवरीसुद्धा सांगितली. आणि काल चाचीने विचारलं तेव्हा मी तिला खोटं सांगितलं."

तिने माझे हात सोडले. झटकले नाहीत, नुसते सोडले. एक पाऊल मागे सरली. मी रडू लागले, आणि त्या रडण्याचीही मला लाज वाटली, कारण निंबाखालच्या मुली बघत होत्या आणि सांत्वन कुणाचं व्हायला हवं होतं ते मला दिसत होतं.

"म्या तिच्यावर थुकले," विमल म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "समद्या गावापुढं."

"मी तिला जाऊन सांगते—"

"सांगा," ती म्हणाली. "एवढं झाल्यावर काल ती घरी गेली असंल. जुन्या बाजारात हलीमा मनियारीन इचारलं की कुनी बी सांगंल. आजच सांगा. मला हितून भाईर सोडत न्हाईत." इतका वेळ माझ्याशी बोलताना तिच्या आवाजात जे होतं ते गेलं होतं. आता ती पत्ता सांगावा तशी बोलत होती. आतून कुणीतरी नावं पुकारली. तिने वन्संना वाकून नमस्कार केला आणि गेली.

भिंगार

नगरला लागूनच भिंगार. लष्कराच्या बराकी, रांगेत चुना मारलेले दगड, आणि त्या ओलांडल्या की एकदम जुना बाजार सुरू होतो. लोहार, भांडीवाले, एका दुकानासमोर बकऱ्या बांधलेल्या. हलीमाचाचीचं घर गल्लीच्या टोकाला. दारात तिची सून तांदळातले खडे निवडत होती. चाची आत बांगड्यांच्या जोड्या दोऱ्यात ओवत बसली होती.

बसा म्हणाली, पण मी उभीच राहिले. बसले असते तर सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं. शनिवारचं, आणि रविवारी तिच्या तोंडावर बोलले ते. सून तांदूळ निवडायची थांबली. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

हलीमाचाचीने हातातला दोरा पुरा केला, गाठ मारली. "पोरगी कुठं हाय?"

"इस्पितळात. तिला शिकायला घेतलंय."

"भावानं न्हाई नेली?"

"नाही. निसटली ती. पण दंडाला लागलंय."

"जेवली का?"

"ते... मी विचारलं नाही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनेला म्हणाली, "त्या भाकऱ्या बांध ग. अन् हळदीची पुडी दे." डोक्यावरून पदर घेतला, कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या. मी तिच्या वाटेत उभी होते ते मला ती अगदी समोर आल्यावर कळलं.

"चाची, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. रागाने नाही. "सांगितलं ते एक येळ ठीक. आईचं नाव घेतलं की कुनी बी फसतं. पर काल मी तुमाला इचारलं हुतं. रातभर मी आठवत बसले, कुनापाशी बोलले म्हनून. शेजारनीशी भांडून आले पहाटं, तूच कान लावला असंल म्हनून."

तिने सुनेच्या हातून फडकं घेतलं आणि गल्ली उतरून बाजाराच्या तोंडाशी गेली. आम्ही मागून गेलो. टांगा उभा होता. ती टांगेवाल्याचा हात धरून पुढे चढली, फडकं मांडीवर घेतलं आणि इस्पितळाचं नाव सांगितलं. मागच्या बाजूला दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती. आम्हांलाही नगरलाच जायचं होतं, हे तिला ठाऊक होतं.

ती चला म्हणाली नाही. टांगेवाल्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि चाबूक उचलला.

"चल," वन्सं म्हणाल्या. आम्ही चालत निघालो.